फेरीमागे बारा मीटर

गावच्या शर्यतीच्या नोंदणी खिडकीतल्या मॅडमनी अर्ज वरून खाली वाचला, जन्मतारखेवर बोट ठेवलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "आजोबा, तुमचं आनंद-चालमध्ये." मग टेबलाखालून एक गुलाबी टोपी काढून पुढे सरकवली. टोपीवर हसणारा फुगा छापलेला होता.

मापसाहेबांना आजोबा म्हणणारं माणूस जगात एकच होतं. ती त्यांची चार वर्षांची नात, आणि तीही काही हवं असलं तरच म्हणायची.

"मी पाच किलोमीटर धावायचा अर्ज भरलाय," ते म्हणाले.

"हो, पण साठच्या वर आनंद-चाल. दोन किलोमीटर, चालत. शेवटी केळं आणि प्रमाणपत्र."

"आणि धावायचं असेल तर?"

मॅडमनी आता पहिल्यांदा वर पाहिलं. लंगड्या माणसाने नाचायचं म्हटल्यावर पाहावं तसं पाहिलं. मग नियमांचा कागद काढला. साठीपुढच्या उमेदवाराला धावायचंच असेल, तर एक, डॉक्टरचा दाखला. दोन, पाच किलोमीटर बत्तीस मिनिटांच्या आत धावल्याचा दाखला, तोही नोंदणीकृत संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी. मुदत तीन महिन्यांनंतरची तीस तारीख, संध्याकाळी पाच.

"मी स्वतः सरकारी अधिकारी होतो," मापसाहेब म्हणाले.

"होतात ना?" मॅडम म्हणाल्या. "सही आत्ता पदावर असलेल्याची लागते."

मापसाहेबांनी टोपी दोन बोटांनी उचलली, जशी होती तशी परत टेबलावर ठेवली आणि निघून आले.

वजनमापे निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केलेला हा माणूस. दुकानदारांचे काटे तपासायचे, कापडवाल्यांचे गज मोजायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं. बाजारात त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, सगळे मापसाहेब म्हणत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. निवृत्तीनंतर जग माणसाला हळूहळू कमी मापात माल द्यायला लागतं. चहा अर्धा कप. बातमी अर्धी, कारण 'तुम्हाला उगाच टेन्शन कशाला'. आणि आता शर्यत पाचातली दोन किलोमीटर, तीही चालत. आयुष्यभर लोकांना पुरं माप मिळवून दिलेल्या माणसाने हे मुकाट्याने घ्यावं? ते घेणार नव्हते. पळणाऱ्यांच्या रांगेत, पळणाऱ्यांचा नंबर छातीवर लावून उभं राहायचं, याच्यापेक्षा एक गुंजही कमी चालणार नव्हतं.

घरी त्यांनी हे सगळं जोरात सांगितलं. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून अख्खी इमारत तिला बाई म्हणे, आणि रागात असले की मापसाहेबही.

"सध्या किती लागतात पाच किलोमीटरला?" बाईंनी विचारलं.

"कधी घड्याळ लावलं नाही."

"मग भांडून कशाला आलात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी शाळेच्या खेळांच्या दिवसातलं जुनं स्टॉपवॉच काढलं आणि सोसायटीच्या बागेत बाकावर बसल्या. बागेच्या फरसबंद वाटेच्या तोंडाशी सेक्रेटरींनी लावलेली पाटी होती : 'एक फेरी = ४०० मीटर'. म्हणजे पाच किलोमीटरला साडेबारा फेऱ्या. मापसाहेबांनी त्या मारल्या. शेवटची अर्धी मारताना त्यांच्या तोंडातून जो आवाज येत होता तो ऐकून माळ्याने पाण्याचा नळ बंद करून पाहिला.

"एक्केचाळीस मिनिटं, दहा सेकंद," बाई म्हणाल्या. "बत्तीस हवीत. तीन महिने आहेत. महिन्याला तीन मिनिटं, चार सेकंदांच्या हिशेबाने उतरवा."

माणूस वेगाने धावायचं ठरवतो तेव्हा सगळ्यात आधी वेग येतो तो शेजाऱ्यांच्या सल्ल्याला. सेक्रेटरींनी सांगितलं, पहाटे धावा. त्यांच्या आईंनी सांगितलं, पहाटे अजिबात धावू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी लिफ्टमध्येच मापसाहेबांना तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "नाकाने श्वास घ्या. तोंडाने घेतलात तर हिरड्या सुकतात." पुढचे आठ दिवस मापसाहेब तोंड घट्ट मिटून धावले. हिरड्या ओल्या राहिल्या. बाकीचा देह तेवढा नवव्या फेरीत बाकावर आडवा झाला.

याच डॉक्टरांनी तब्येतीचा दाखलाही लगेच, उत्साहाने लिहून दिला. तो घेऊन मापसाहेब खिडकीवर गेले. मॅडमनी शिक्का वाचला.

"हे दातांचे डॉक्टर आहेत."

"नोंदणीकृत आहेत. तुमच्या कागदावर 'डॉक्टर' एवढंच लिहिलंय."

"तुम्ही जबड्याने धावणार आहात का?"

रांगेत मागे दोघे-तिघे हसले. मापसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही, पण मानेमागे जे ऊन लागल्यासारखं झालं ते घरी येईपर्यंत उतरलं नाही. मग छातीच्या डॉक्टरकडे जाणं आलं. तिथे अंगाला वायरी लावून सरकत्या पट्ट्यावर पळवलं. हृदय उत्तम निघालं. पट्ट्यावरून उतरताना मात्र साहेब अजून पट्टा सरकतोय अशा समजुतीने पाऊल टाकून गेले आणि वायरींसकट नर्सच्या टेबलावर जाऊन विसावले. 'धावण्यास योग्य' असा दाखला मिळाला. 'थांबण्यास' याबद्दल त्यात काही म्हटलं नव्हतं.

दोन महिन्यांत एक्केचाळीसचे पस्तीस झाले, आणि पस्तीसवर काटा अडकला. तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी आणखी एक सल्ला दिला, आणि तेवढा एकच खरा निघाला. "एकट्याने धावून वेग येत नाही साहेब. पुढे कोणीतरी धावणारं हवं. आणि गोल-गोल नको, सरळ रस्ता घ्या."

गावात सरळ रस्ता एकच होता, बाजाराचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मापसाहेब बाजाराच्या या टोकाला उभे राहिले, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि मुठी वळून सुटले.

आता बाजाराच्या नजरेने हे काय दिसलं तेही पाहायला हवं. चौतीस वर्षं ज्याच्या नुसत्या चालण्याने लोकांचे तराजू फळीखाली जायचे, तो माणूस आज धावत येत होता. तो निवृत्त झाल्याचं कोणी बाजाराला रीतसर कळवलेलं नव्हतं. पहिलं शटर वाण्याने ओढलं. त्याच्या आवाजाने कापडवाल्याने ओढलं. मग पत्ते पडावेत तशी शटरं धडाधड पडत गेली. एका सराफाने तर गिऱ्हाईक आत ठेवूनच पाडलं. रस्त्याकडेला बटाटे घेऊन बसलेल्या माणसाला पाडायला शटर नव्हतं. त्याने तराजू बगलेत मारला, वजनांची पिशवी खांद्याला लावली आणि तो पळत सुटला.

"अरे थांब!" मापसाहेब ओरडले.

हा शब्द त्यांनी वापरायला नको होता.

"अरे, मी निवृत्त आहे!" पण एवढं लांब वाक्य धावता धावता धड उच्चारत नाही, आणि बटाटेवाल्याला त्यातला फक्त सूर ऐकू गेला. तो गल्ली सोडून तलावाच्या रस्त्याला लागला. मापसाहेबांना वाटलं, गैरसमज दूर केल्याशिवाय परत फिरणं बरं दिसणार नाही. तेही लागले. पाण्याच्या टाकीपाशी बटाटेवाला कठड्यावर कोसळला. साहेब त्याच्या शेजारी कोसळले. बराच वेळ दोघेही नुसते हवा ओढत बसले.

"साहेब," शेवटी बटाटेवाला म्हणाला, "पंधरा वर्षं झाली त्या गोष्टीला."

तेव्हा मापसाहेबांनी त्याला ओळखलं. किलोचं वजन, बुडाचं शिसं काढून आत मेण भरलेलं. त्यांनीच जप्त केलं होतं.

"मी धावायचा सराव करतोय," ते म्हणाले.

"माझ्या मागं?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाजारापासून टाकीपर्यंतचं अंतर त्यांना नोकरीपासून पाठ होतं. एक किलोमीटर, चाळीस मीटर. सहा मिनिटांच्या आत. इतक्या वेगाने ते वयाच्या पंचेचाळिशीतही धावले नव्हते.

"उद्यापासून रोज येशील?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"पुढं."

बटाटेवाल्याचं वय सत्तेचाळीस. पाय ओझ्याला सरावलेले. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "येतो. पण तुम्ही माझ्या पिशवीत हात घालायचा नाही."

"पिशवीतलं वजन खरं आहे ना?"

"असं विचारायचं पण नाही."

मापसाहेबांच्या जिवाला हे फार लागलं. पण पाय त्यांच्या जिवाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. रोज संध्याकाळी बटाटेवाला पुढे आणि साहेब मागे, असं महिनाभर चाललं. बाजारात दोन तट पडले. साहेबांनी त्याला अजून पकडलं नाही असं एक म्हणे, आणि साहेबांची आता पकडायची टाप नाही असं दुसरा.

सव्वीस तारखेला सकाळी सेक्रेटरी खुर्ची टाकून बागेत बसले. सोसायटी नोंदणीकृत, ते पदाधिकारी, शिक्का खिशात. बाईंनी शिट्टी फुंकली. साडेबारा फेऱ्या. बाईंनी घड्याळ दाबलं, पाहिलं, आणि पुन्हा चष्मा लावून पाहिलं.

"एकतीस दहा," त्या म्हणाल्या, आणि लग्नाच्या पस्तीस वर्षांत दुसऱ्यांदा त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

सेक्रेटरींनी जागच्या जागी सही-शिक्का केला. दातांच्या डॉक्टरांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. मापसाहेब दाखला हातात घेऊन पाटीखाली उभे राहिले, म्हणजे बाईंना फोटो काढता यावा. आणि तिथे घोटाळा झाला. फोटोसाठी सरळ उभं राहताना त्यांची नजर पाटीवर गेली. तीन महिने ती रोज दिसत होती. आज पहिल्यांदा त्यांनी ती वाचली. चारशे मीटर. कोणी मोजले?

"सेक्रेटरीसाहेब, हे चारशे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी स्वतः मोजलेत," सेक्रेटरी म्हणाले. त्यांची उंची सहा फूट. "लांब टांग टाकली की एक मीटर. बरोबर चारशे टांगा भरल्या."

मापसाहेबांनी दाखल्याची घडी करून खिशात घातली. घरी आले, आंघोळ केली, जेवले. दुपारी आडवे झाले, उठले, पुन्हा आडवे झाले.

"अहो, काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग जा आणि मोजून या. मला झोपू द्या."

कपाटाच्या वरच्या फळीवर पोलादी फीत होती, तीस मीटरची, शिक्का मारलेली. सत्तावीस तारखेला सकाळी त्यांनी वाटेच्या मधोमध फीत धरली, माळ्याला दुसरं टोक दिलं, वळणावर दर अर्ध्या मीटरला खडूची खूण केली, दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी मीटर. फेरीमागे बारा मीटर कमी. साडेबारा फेऱ्यांना दीडशे मीटर. एकतीस दहा हे पाच किलोमीटरचे नव्हतेच, चार हजार आठशे पन्नासचे होते.

"कोणाला कळणार आहे?" असं बाई म्हणाल्या नाहीत. त्या गणिताच्या होत्या. त्यांनी कागद घेतला आणि म्हणाल्या, "बारा फेऱ्या, आणि वर तीनशे चव्वेचाळीस मीटर. त्या जुईच्या वेलापाशी संपेल."

मापसाहेबांनी दाखला फाडला. चार तुकडे केले, प्रत्येक तुकडा सारखा. मग खडूने पाटीवर ४०० खोडून ३८८ लिहिलं, कारण चूक दिसली की दुरुस्त करायची ही सवय नोकरीतली, आणि त्यामुळेच पुढचा प्रसंग ओढवला.

अठ्ठावीस तारखेला सकाळी बागेत गर्दी जमली. गेली चार वर्षं अख्खी सोसायटी त्या पाटीवर चालत होती. सेक्रेटरींच्या आई रोजचे चार किलोमीटर जगाला फोन करून सांगत होत्या. कोणी डॉक्टरला वचन दिलं होतं, कोणी सुनेला. आता प्रत्येकाला आपण चालून गेलेल्या वाटेतून दर फेरीला बारा मीटर परत द्यावे लागत होते. आणि कमी माल मिळाल्याचा राग गिऱ्हाईक विकणाऱ्यावर कधी काढत नाही, मोजणाऱ्यावर काढतं. हा साहेबांचा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

"तुम्हाला करायचं काय होतं?" सेक्रेटरींच्या आईंनी विचारलं. "बारा मीटरनी कोणाचं पोट दुखत होतं?"

"मावशी, तुम्ही चार किलोमीटर चालत नाही. तीन किलोमीटर आठशे ऐंशी चालता."

"माझ्या गुडघ्यांना विचारा ते किती आहेत!"

सेक्रेटरी मात्र थंड आवाजात बोलले. "ठीक आहे. माझं माप खोटं ना? मग माझी सही तरी खरी कशी? यापुढे दाखल्यावर मी सही करणार नाही."

"नका करू," मापसाहेब म्हणाले. "माप खरं असलं की सही कोणाचीही चालते."

हे वाक्य बोलायला झकास होतं. वर जिन्यात बाईंनी विचारलं, "कोणाची?" तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. नोंदणीकृत संस्था, पदाधिकारी, शिक्का, आणि दोन दिवस.

संध्याकाळी टाकीच्या कठड्यावर त्यांनी हे बटाटेवाल्याला सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून डबी, डबीतून एक रबरी शिक्का.

"भाजीपाला विक्रेते संघटना, नोंदणीकृत. उपाध्यक्ष," तो म्हणाला. "तुम्ही माझं वजन धरलंत ना, त्यावरूनच निवडून दिलं लोकांनी. म्हणाले, ह्याला सरकारचा अनुभव आहे."

एकोणतीस तारखेला तो बागेच्या फाटकाशी आला, तर तिथे 'फेरीवाल्यांना प्रवेश बंद' अशी सेक्रेटरींचीच दुसरी पाटी. वॉचमनने वही पुढे केली. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात बटाटेवाल्याने लिहिलं, 'सही', आणि आत आला. बाईंनी शिट्टी फुंकली. बारा फेऱ्या आणि जुईच्या वेलापर्यंत. साहेब वेलात हात टाकून लटकले.

"बत्तीस मिनिटं, चार सेकंद," बाई म्हणाल्या.

बटाटेवाल्याने कागद गुडघ्यावर ठेवला, टोपण काढलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, चार सेकंद म्हणजे काय हो? शिंक आली तरी जातात. एकतीस अठ्ठावन लिहितो."

मापसाहेबांनी मान वर केली. चेहऱ्यावरून घाम गळत होता.

"बुडाला मेण भरतोयस?"

बटाटेवाल्याने टोपण लावलं. "उद्या किती वाजता येऊ?" एवढंच विचारलं.

तीस तारखेची सकाळ उगवली तेव्हा मापसाहेबांना पलंगावरून पाय खाली सोडायला हातांची मदत घ्यावी लागली. जिना ते उलटे उतरले. सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती, बहुतेक हरण्याची मजा पाहायला. सेक्रेटरी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. बटाटेवाला आज खांद्याला पिशवी अडकवून आला होता, आत काहीतरी जड होतं.

आठ फेऱ्या बऱ्या गेल्या. नवव्या फेरीत पायांनी काम बंद केलं. "सोळा सेकंद मागे!" बाई बाकावरून ओरडल्या. दहाव्या फेरीत पुढे धावणाऱ्या बटाटेवाल्याने पिशवीतून किलोचं वजन काढून डोक्यावर धरलं आणि मागे न बघता, अख्ख्या बागेला ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, पंधरा वर्षांनी पण आतनं पोकळच आहे हां! महिनाभर रोज तुमच्या नाकासमोरनं नेतोय!"

त्यानंतर मापसाहेबांनी जे केलं त्याला सराव म्हणता येणार नाही. ती धाड होती. डोळ्यांपुढे बाग नव्हती, शर्यत नव्हती, फक्त ते काळं वजन होतं. "थांब!" ते गरजले, आणि या वेळी तो शब्द अगदी मनापासून होता. अकरावी फेरी गेली, बारावी गेली. सेक्रेटरींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांच्या आई कठड्यावरून अर्ध्या बाहेर आल्या आणि ओरडल्या, "धरा त्याला! अहो, धरा!" जुईच्या वेलापाशी साहेबांनी झेप घेतली आणि वजनासकट बटाटेवाल्याचं मनगट पकडलं.

"अहो," बाई धावत येत म्हणाल्या, "एकतीस..."

"थांब जरा," मापसाहेब म्हणाले. वेळ त्यांना ऐकायचीच नव्हती. ते गवतावर बसले, वजन उलटं केलं, बुडाच्या शिशावर नख ओढलं. शिसं होतं. चालू वर्षाचा शिक्का होता, ठसठशीत. त्यांनी ते तळहातावर तोललं. तो हात चौतीस वर्षांत पाच ग्रॅमला चुकला नव्हता.

"पुरं आहे," ते म्हणाले.

"त्या दिवसापासून पुरंच आहे," बटाटेवाला धापा टाकत म्हणाला. "पण सांगितलं असतं, तर तुम्ही पळाला असता का?"

"एकतीस मिनिटं, त्रेचाळीस सेकंद," बाईंनी वाक्य पुरं केलं.

संध्याकाळी पावणेपाचला तिघेही खिडकीवर होते. मॅडमनी दाखला उजेडाला धरला. "भाजीपाला विक्रेते संघटना?"

"नोंदणी क्रमांक शिक्क्यात आहे," मापसाहेब म्हणाले.

मॅडमनी नियमांचा कागद पाहिला. पुन्हा पाहिला. नियमाला काही म्हणता येईना. त्यांनी पांढरा नंबर काढला, चार पिना दिल्या आणि सवयीने गुलाबी टोपीही पुढे केली. साहेबांनी ती एका बोटाने परत सारली. नंबर छातीशी धरून ते वळले आणि दोन पावलांवर थांबले. नंबराखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं : 'धावण्याचे अंतर : ५ कि.मी. (अंदाजे)'.

ते परत फिरले, खिडकीसमोरची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसले.

"मॅडम," त्यांनी खिशातून पोलादी फीत काढून टेबलावर ठेवली, "हे अंदाजे कोणाचं?"

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाकावर सरकून जागा केली आणि बटाटेवाल्याला म्हणाल्या, "बसा. आता वेळ लागेल."